गॅस पास झाला का?

पत्रकाराकडं इतके किस्से साचतात कसे, असं मला नेहमी कुणीतरी विचारतं. त्यात कसलीही कला नाही हो! जिथं माणसं ताटकळत बसतात तिथं किस्से साचतात. मंत्र्याची गाडी यायची असते, निकाल लागायचा असतो, बैठक संपायची असते. तोवर बसा एकमेकांची तोंडं बघत. मी आयुष्यभर असंच ताटकळत किस्से गोळा केले. पण त्यातले सगळ्यात चांगले ना प्रेस क्लबातले आहेत, ना विधानभवनाच्या पायऱ्यांवरचे. ते आपल्या संभाजीनगरातल्याच एका सर्जिकल वॉर्डातले आहेत. तिथं मी माझ्याच आतड्याची वाट बघत होतो, आणि आतडं हे मंत्र्यापेक्षा वाईट. त्याला पीए नसतो. फोन तरी कुणाला करणार?

* * *

सुरुवात झाली एका प्लास्टिकच्या खुर्चीपासून.

आमच्याकडं एक बापूसाहेब आहेत. माजी आमदार, पैठण रोडला मोठी शेती. त्यांची खासियत अशी, की संध्याकाळी बोलायचं आणि सकाळी नाकारायचं. बातमी छापून आली की माझा चहा व्हायच्या आत त्यांचा पीए काकडे फोन करणार: "सर, साहेब तसं बोललेच नाहीत. विधानाचा विपर्यास झालाय." वर्षानुवर्षं हेच! शेवटी मी नियम करून टाकला, बापूसाहेबांचं वाक्य छापायचं तर दोन साक्षीदार पाहिजेत.

तर त्यांच्या पत्रकार परिषदेत मी एका भूखंडाबद्दल विचारत होतो. तेव्हा माझं वजन एवढं होतं, की रिक्षावाले मला बघून मीटरऐवजी टायरकडं बघायचे. मी त्वेषानं पुढं झुकलो, खुर्चीचे चारही पाय चार दिशांना गेले, आणि मी जमिनीवर.

बापूसाहेबांनी माईक जवळ ओढला.

"खरातसाहेब, प्रश्नात दम नव्हता, पण वजन होतं!"

सगळे खो खो हसले. मी खालूनच ओरडलो, "उत्तर द्या!" तोवर ते चहाला उठले होते.

त्याच आठवड्यात मी वजन कमी करण्याच्या ऑपरेशनची चौकशी केली. माझी बायको सुनंदा म्हणाली, "डॉक्टर इतकी वर्षं सांगतायत ते पटलं नाही. एका खुर्चीनं सांगितलं ते बरं पटलं!"

* * *

ऑपरेशन झालं. जठर पार लहान करून टाकलं, आतडं वळवून त्याला जोडलं. वाटीभर वरण म्हणजे माझी मेजवानी. वजन भराभर उतरलं. आमच्या डेस्कवरची उपसंपादक अश्विनी म्हणायची, "सर निम्मे झाले, पण राग तेवढाच राहिला. त्यामुळं तो आता जास्त दाट झालाय."

ऑपरेशन करणाऱ्या डॉ. सोळुंके मॅडमनी एकच गोष्ट बजावली होती: हळू खा, थोडं खा, आणि चावून चावून पीठ झाल्याशिवाय गिळू नका.

मग थंडी आली आणि बापूसाहेबांची हुरडा पार्टी आली. ज्यांच्यावर आपण वर्षभर तुटून पडतो, त्यांच्याच शेतात जाऊन शेकोटीभोवती बसून हुरडा खायचा, ही आमच्या पत्रकारितेची जुनी रीत. मी खाणार नव्हतो. पण बापूसाहेब स्वतः भाजलेलं कणीस चोळत शेजारी येऊन बसले.

"घ्या की! ऑपरेशन तुमचं झालं का आमच्या ज्वारीचं?"

मी म्हटलं, ठीक आहे, चिमूटभर. आणि लगेच भूखंडाचा तोच प्रश्न पुन्हा काढला. ते उत्तर टाळत राहिले आणि माझ्या तळव्यावर हुरडा ओतत राहिले. मी भांडत राहिलो आणि खात राहिलो. भांडणारा माणूस चावत नाही हो, तो गिळतो! वर दोन पेरू झाले, तेही तिखटमीठ लावून.

उत्तर शेवटपर्यंत मिळालं नाही. हुरडा मात्र भरपूर मिळाला.

* * *

घरी आलो आणि पोटात कळ उठली. उठायची, पिळून काढायची, जरा थांबायची, परत उठायची. उलट्या सुरू झाल्या. सुनंदानं रिक्षात घातलं आणि घराजवळच्या एका दवाखान्यात नेलं.

तिथल्या ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरनं मोबाईलवरून नजर न काढता विचारलं, "काय खाल्लंत?"

"हुरडा."

"मग गॅस झालाय. या सीझनला रोज येतात असे. इंजेक्शन देतो, घरी जा."

"डॉक्टर, माझं वजनाचं ऑपरेशन झालंय. आतडं वळवून जोडलेलंय. अडकलं असेल. स्कॅन करा."

"काका, इंटरनेटवर फार वाचू नका."

काका! कळ विसरून मी स्ट्रेचरवर उठून बसलो.

"मी वाचत नाही, लिहितो! तुमचं पूर्ण नाव सांगा. आणि इंजेक्शन देऊन घरी पाठवतोय हे माझ्या बायकोसमोर मोठ्यानं बोला!"

लगेच स्कॅन झाला. आतडं अडकलं होतं. जोडाच्या पुढं हुरडा आणि पेरूचा चोथा बोळ्यासारखा घट्ट बसला होता.

सुनंदा म्हणाली, "इतकी वर्षं घरात हा आवाज सहन केला. आज पहिल्यांदा कामाला आला."

मला तेव्हा हसू आलं. आज येत नाही. माझ्या जागी ओरडता न येणारा कुणी असता तर? तो इंजेक्शन घेऊन, डॉक्टरांना नमस्कार करून, पोट धरून एसटीत बसला असता. ज्यांचं असं ऑपरेशन झालंय त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे: पोटात कळ येऊन उलट्या सुरू झाल्या तर भांडा. लाजू नका. खच्चून भांडा!

* * *

सोळुंके मॅडमनी मला त्यांच्या वॉर्डात घेतलं, नाकातून पोटात नळी घातली आणि पलंगाशेजारी खुर्ची ओढून सरळ सांगितलं.

"पूर्ण बंद नाही झालेलं. थोडी वाट बघू. तोंडानं पाण्याचा थेंब नाही. चालत राहायचं. नळीतून एक औषध सोडणार आहे, ते पुढं सरकतं का ते एक्स-रेत दिसेल. गॅस पास झाला तर समजायचं आतडं सुटतंय. नाही झाला तर उघडावं लागेल. फार थांबले तर आतड्याचा तुकडा काळा पडेल, मग कापावा लागेल. तुमच्या आतड्याची आधीच एवढी ओढाताण झालीय. त्यातलं आणखी कापणं मला नकोय."

मी विचारलं, "मॅडम, म्हणजे माझं सगळं आयुष्य आता एका..."

"हो," मॅडम म्हणाल्या. "एकावर."

तेव्हापासून जो येईल त्याचा एकच प्रश्न. मॅडमचा तोच, फरशी पुसणाऱ्या मावशींचा तोच, एक्स-रेवाल्याचा तोच: "गॅस पास झाला का?" मी मुख्यमंत्र्यांना अडचणीचे प्रश्न विचारलेला माणूस! पण इतका थेट, इतका चिवट प्रश्न मला आयुष्यात कधी सुचला नव्हता.

* * *

शेजारच्या खाटेवर हबीबभाई होते. शहागंजात त्यांचं बांगड्यांचं दुकान. त्यांचं आतडं हर्नियात अडकलं होतं, ऑपरेशन होऊन गेलं होतं, आणि आता तेही माझ्यासारखेच वाट बघत होते. डोळे उघडले की पहिला प्रश्न:

"क्या मियाँ, हुआ क्या?"

"नाही हो. तुमचं?"

"नक्को पूछो."

त्या वॉर्डात गॅसला साक्षीदार लागायचा. थट्टा नाही, वाघमारे सिस्टरांचा नियम होता तो. त्याचं कारण कोपऱ्यातल्या खाटेवरचे एक क्रीडाशिक्षक. भूक सहन होईना म्हणून त्यांनी "झाला, झाला" असं ठोकून दिलं आणि पेज मिळवली. दुपारी ती सगळी पेज सिस्टरांच्या बुटांवर परत आली. तेव्हापासून सिस्टर विचारायच्या, "कुणी ऐकलं?" नातेवाइकांची साक्ष चालत नसे. बायका तर बिनधास्त खोटं बोलतात, असं सिस्टरांचं मत होतं.

हबीबभाई मात्र दिलदार. कुणाचीही साक्ष द्यायला तयार.

"सिस्टर, मैं सुना! खुद के कानां से सुना! मास्टरसाब का हो गया!"

"हबीबभाई, मास्तरांना मघाशीच एक्स-रेला नेलंय. खाट रिकामी आहे."

त्या दिवसापासून हबीबभाईंची साक्ष कायमची बाद.

मी खवळलो. "सिस्टर, हा अपमान आहे! माणसाच्या शब्दावर विश्वास नको?"

सलाइनचा वेग नीट करत त्या म्हणाल्या, "तुम्ही बापूसाहेबांच्या शब्दावर ठेवता का? पेपर वाचते मी."

* * *

बातमी गावभर पसरली आणि भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. त्यात एक दिवस दारात देवरेसाहेब उभे. पाणीपुरवठ्यातले निवृत्त अभियंते. नोकरीत होते तोवर मी त्यांना रोज सकाळी फोन करून एकच प्रश्न विचारायचो: "पाणी कधी येणार?" माझ्या फोनमुळं त्यांना रक्तदाबाची गोळी सुरू झाली, असं त्यांच्या घरचे म्हणतात.

ते खुर्चीवर ऐसपैस बसले. चष्मा पुसला. नळीकडं निरखून बघितलं.

"काय खरात, कधी सुटणार?"

"मॅडम म्हणाल्या, आज-उद्या."

"म्हणजे निश्चित वेळ सांगता येत नाही."

"नाही."

"अडथळा नेमका कुठं आहे?"

"जोडाच्या पुढं."

"जोडाच्या पुढं!" देवरेसाहेबांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, की मला ते बघवेना. "आम्ही हेच सांगत होतो तेव्हा तुम्ही त्याला काय म्हणायचात?"

"कारणं."

"कारणं! बरोबर." ते उठले, माझ्या खांद्यावर हळुवार थोपटलं आणि दारापर्यंत जाऊन वळले.

"दुरुस्तीचं काम युद्धपातळीवर सुरू आहे. नागरिकांनी सहकार्य करावं!"

* * *

लासूर स्टेशनहून माझी आत्या आली. पिशवीत डबा, डब्यात डिंकाचे लाडू. सुनंदानं दारातच अडवलं.

"आत्याबाई, त्यांना काही द्यायचं नाही. पाणीसुद्धा नाही."

"आगं, एक लाडू! त्यानं काय हुतंय? बघ की कसा वाळून गेलाय. आधी कसा भरल्या घरावानी दिसायचा!"

"आत्याबाई, नाकात नळी घातलीय त्यांच्या!"

आत्यानं वाकून माझं तोंड नीट बघितलं. मग सुनंदाकडं वळून म्हणाली,

"नळी नाकात हाय ना? तोंड तर मोकळंच हाय की!"

* * *

अश्विनी आली ती डोळे पुसतच. मला बघून आणखी रडायला लागली. मी जुना बातमीदार, मला वास आला.

"काय लपवतेस?"

"काही नाही सर."

"अश्विनी!"

"सर, ते... डेस्कवर तयारी म्हणून... तुमच्यावर एक मजकूर करून ठेवलाय."

बाहेरच्यांना हे भयंकर वाटेल. आमच्या धंद्यात ते रोजचं काम आहे. मोठा माणूस आजारी पडला की त्याच्या निधनाची बातमी आधीच लिहून ठेवतात, ऐन वेळी धावपळ नको म्हणून. मी स्वतः कितीतरी जणांच्या लिहिल्यात. त्यातले काही अजून ठणठणीत आहेत आणि लग्नात भेटले की मला अवघडल्यासारखं होतं.

"दाखव."

"सर, नको ना."

"दाखव म्हणतो ना!"

तिनं फोन पुढं केला. मी वाचायला लागलो. नळीतून हिरवं पाणी पिशवीत ठिबकत होतं.

"'दीर्घ आजाराने'? दीर्घ कुठला? परवा हुरडा खाल्लाय मी! 'अत्यंत निर्भीड', 'अत्यंत अभ्यासू', 'अत्यंत मनमिळाऊ'. एवढे अत्यंत? आणि मनमिळाऊ कुणी लिहिलं? कुणाचा विश्वास तरी बसेल का?"

"संपादकांनी सर."

"आणि ही इतकीच? दोन कॉलम? बापूसाहेबांच्या वाढदिवसाला आपण अख्खं पान दिलं होतं!"

"सर," अश्विनीचा आवाज अगदी बारीक झाला, "ती जाहिरात होती."

* * *

आणि मग तो दिवस उजाडला.

कळ वाढली नव्हती, पण सुटतही काही नव्हतं. मॅडमनी पोटावर स्टेथोस्कोप ठेवून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "संध्याकाळी थिएटर ठेवलंय. तोवर चाला."

मी चाललो. व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, परत, परत. एका जागी थांबवेना, बसवेना. सलाइनचा स्टँड ढकलत सुनंदा बरोबर. तिनं सकाळपासून तोंडात काही घातलं नव्हतं. मी खात नाही म्हणून तीही खात नव्हती, हे मला मावशींनी सांगितलं.

"सगळ्या गावाशी भांडता," ती एकदम म्हणाली. "जरा त्या आतड्याशी भांडा ना."

"ते उत्तर देत नाही गं."

ती खिडकीशी थांबली आणि बाहेर बघत राहिली. मी स्टँड धरून तिच्यामागं उभा राहिलो. बायको रडत असताना काय विचारायचं असतं, हे मला इतक्या वर्षांच्या बातमीदारीत कुणी शिकवलं नाही.

दुपारी खाटेवर येऊन पडलो, तोच वॉर्डात गडबड झाली. बापूसाहेब! मागं काकडे, एक फोटोग्राफर, दोन कार्यकर्ते, आणि एकाच्या डोक्यावर भलीमोठी फळांची टोपली. टोपलीत सगळ्यात वर, पेरू.

माझ्या उशाशी उभं राहून त्यांनी फोटो काढून घेतला आणि घसा साफ करून थेट भाषणच सुरू केलं.

"खरातसाहेब लवकर बरे व्हावेत. पण शहरात काही लोक आमच्या हुरड्याची बदनामी करतायत! आजवर त्या हुरड्यानं कुणाचं पोट अडलेलं नाही! आरोप करणाऱ्यांनी पुरावा द्यावा!"

पुरावा! माझ्या पोटात घट्ट बसलेला पुरावा मागत होता हा माणूस! माझ्या डोक्यात तिडीक गेली. दोन्ही हात टेकून मी ताडकन उठून बसलो. भूखंडाचा तो जुना प्रश्न ओठांवर आला होता.

पण ओठांच्या आधी दुसरीकडूनच आवाज निघाला.

लांबलचक. ठणठणीत. व्हरांड्यात ऐकू जाईल असा. टोपलीवाला कार्यकर्ता दोन पावलं मागं सरकला.

मग हबीबभाईंनी खाटेवरूनच दोन्ही हात वर केले.

"माशाअल्लाह!"

वाघमारे सिस्टर धावत आल्या. "कोण? खरात? कुणी ऐकलं?"

"मैं सुना!"

"तुमची साक्ष बाद आहे."

"मी ऐकलं सिस्टर, शपथ!" सुनंदा म्हणाली.

"बायकोची चालत नाही. दुसरं कोण?"

सिस्टरांनी कार्यकर्त्यांकडं बघितलं. एक म्हणाला, माझा फोन चालू होता. दुसरा जमिनीकडं बघायला लागला. फोटोग्राफर कॅमेऱ्याशी खुडबुड करत राहिला. साहेबांच्या आधी बोलायची कुणाची छाती? काकडेनं तर मान वळवून खिडकीकडंच केली. मग सगळा वॉर्ड बापूसाहेबांकडं बघायला लागला.

त्यांचे ओठ हलले. तो आकार मी वर्षानुवर्षं ओळखतो. 'मी असं काही...'

मी त्यांचं मनगट धरलं. "बापूसाहेब, संध्याकाळी थिएटर ठेवलंय. पोट फाडणार आहेत माझं."

त्यांनी माझ्या नाकातल्या नळीकडं बघितलं. सुनंदाकडं बघितलं. मग जाकीट खाली ओढून नीट केलं आणि सभेत बोलावं तसे खणखणीत बोलले.

"सिस्टर, मी ऐकलं. मी स्वतः, स्पष्ट ऐकलं! पाहिजे तर ऑन रेकॉर्ड घ्या!"

सिस्टर मॅडमना फोन करायला पळाल्या. बापूसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"खरातसाहेब, आज मात्र प्रश्नात दम होता!"

मॅडम आल्या, पोट तपासलं, एक्स-रे काढला. औषध पुढं सरकलं होतं. संध्याकाळपर्यंत बाकीचंही सगळं सुटलं, आणि ते सांगायला साक्षीदाराची गरज पडली नाही. थिएटर रद्द झालं. सुनंदानं खाली कँटीनमध्ये जाऊन दोन प्लेट पोहे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाकातली नळी निघाली. सिस्टरांनी मुगाच्या डाळीचं पाणी आणलं. सुनंदानं पहिला चमचा माझ्या तोंडाशी नेला, आणि फोन वाजला.

काकडे.

"सर, तब्येत कशी आहे? बरं, ते कालचं... साहेबांचा निरोप आहे. साहेबांनी तसं काही ऐकलंच नाही. विधानाचा विपर्यास झालाय."